भाच्याचा ट्रक आणि १८६६ सालचं सुकाणू

आजची गोष्ट सुरू होते ती माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने खाल्लेल्या ओरड्यापासून.

त्याच्या वाढदिवसाला मी त्याला रिमोटवर चालणारा ट्रक दिला होता. दोन-तीन महिन्यांनी त्याची पुढची चाकं थरथरायला लागली. डावीकडे वळवायला गेलं की अर्धवट वळायची, झटका द्यायची आणि परत सरळ. ताईने लगेच निकाल दिला, "आपटला असणार कुठेतरी. महागाची वस्तू, पण काळजी म्हणून नाही!" आणि हा रडवेला होऊन फोनवर, "मामा, खरंच मी काही नाही केलं."

मी ट्रक घरी घेऊन आलो. चाकं वळवणारी ती छोटी डबी असते ना, तिला सर्व्हो म्हणतात. ती नीट समजून घेता घेता मी थेट दीडशे वर्षं मागे गेलो, एका जहाजावर.

'ग्रेट ईस्टर्न' हे ते जहाज. ब्रुनेल या इंजिनिअरचं, १८५८ मध्ये पाण्यात उतरलेलं, लांबी ६९२ फूट. त्या काळात एवढं मोठं जहाज दुसरं नव्हतं. आता विचार करा, एवढ्या धुडाचं सुकाणू हाताने कसं वळवणार? वादळात मोठ्या जहाजांच्या चाकावर माणसांची अख्खी टोळी लागायची. मग वाफेचं इंजिन लावा की! पण इंजिनाला ताकद असते, अंदाज नसतो. वाफ सोडली की ते ढकलत राहणार. थांबायचं कुठे, हे त्याला कोण सांगणार?

जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनी १८६६ मध्ये याचं उत्तर पेटंट केलं आणि पुढच्या वर्षी ते याच जहाजावर बसलं. चाक फिरवलं की वाफेची झडप उघडायची, इंजिन सुकाणू ढकलायला लागायचं. आता गंमत बघा. सुकाणू जसजसं वळेल तसतसं तेच गिअरमधून ती झडप बंद करत आणायचं. चाकाने मागितलं तेवढं वळून झालं की झडप बंद, इंजिन गप्प. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फीडबॅक लूप म्हणून मिरवतो तो हाच, फक्त लोखंडात घडवलेला. (आणि हो, हे जहाज मुंबईलाही येऊन गेलंय. १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्राखालची तार यानेच टाकली.)

'सर्व्हो' हा शब्द फ्रान्समधून आला. जोसेफ फार्को यांनी १८७३ मध्ये अशा यंत्रांवर पुस्तकच लिहिलं आणि नाव दिलं 'सर्व्हो-मोटर', म्हणजे ताबेदार मोटर. लॅटिनमध्ये 'सर्व्हस' म्हणजे गुलाम.

खेळण्यांपर्यंत हे यायला मात्र बराच वेळ लागला. टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी बोट दाखवली. पुढे हौशी लोकांच्या विमानांत रबर बँडवर चालणारी यंत्रणा असायची. बटण दाबलं की पूर्ण उजवीकडे, पुन्हा दाबलं की पूर्ण डावीकडे. 'थोडंसं वळ' हा प्रकारच नाही. अंगठा हलेल तेवढंच वळणारं स्टीअरिंग सर्रास मिळायला लागलं ते १९६० च्या दशकात, ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर.

आजच्या सर्व्होला रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. १.५ मिलिसेकंदांची असेल तर मधोमध, १ कडे गेली तर एका बाजूला, २ कडे गेली तर दुसऱ्या. आत एक मोटर, गिअर आणि शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर. हा पोटेन्शिओमीटर सांगत राहतो की आत्ता आपण कुठे आहोत. ग्रे यांच्या सुकाणूचं झडपेवर जे काम होतं, तेच याचं.

म्हणजे बिघाड शोधायच्या जागा तीनच: हुकूम, ताकद आणि खबर.

आधी मला खबरेचा संशय आला. पोटेन्शिओमीटरचा पट्टा मधोमध जास्त झिजतो, कारण ट्रक बहुतेक वेळ सरळच चालतो. मग सर्व्हो जागच्या जागी थरथरतो. पण ट्रक डब्यावर ठेवून चाकं अधांतरी केली, तर सगळं मख्खन! मग हुकूम तपासला. सर्व्होची वायर काढून रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला लावली आणि ट्रक जमिनीवर ठेवून थ्रॉटलने चाकं वळवली. तोच झटका. म्हणजे स्टीअरिंगचा चॅनल निर्दोष.

तेवढ्यात एक गोष्ट दिसली. झटका बसतो त्याच क्षणी रिसीव्हरचा दिवा विझून परत लागतो.

जमिनीवर, ट्रक उभा असताना, रबरी टायर वळवायला सर्वात जास्त जोर लागतो. सर्व्हो करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. खात्रीसाठी सर्व्होला वेगळा ६ व्होल्टचा पॅक दिला, फक्त ग्राउंड रिसीव्हरशी जोडलेलं ठेवलं. झटके गायब!

पण आधी तर चालत होता की? हो. महिन्यापूर्वी भेटायला गेलो होतो तेव्हा मीच हौसेने मूळ सर्व्हो काढून मेटल गिअरवाला, दुप्पट ताकदीचा बसवला होता. त्याची भूक भागवायची ऐपत ट्रकच्या कंट्रोलरमध्ये आहे का, हे बघितलंच नव्हतं. टॉर्कचा आकडा वाचला, करंटचा नाही. बीटेक!

वेगळा बीईसी लावला, म्हणजे बॅटरीतून ६ व्होल्ट काढून देणारं छोटं सर्किट. कंट्रोलरकडून रिसीव्हरला येणारी लाल वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळली, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात.

मग ताईला फोन केला. म्हटलं, त्याने फक्त अंगठा हलवला होता, ट्रक मी बिघडवला. ती क्षणभर गप्प झाली आणि फोन त्याच्याकडे दिला. मी सॉरी म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता खडीवर चालवू?"