संकटकाळातील शासकीय अर्थसाहाय्य, लघुव्यवसायांना (बोर्ली पंचतन)

टाळेबंदी, नैसर्गिक आपत्ती किंवा मंदीमुळे उत्पन्न एकाएकी थांबलेल्या छोट्या व्यावसायिकाला सरकारकडून मिळणारे अनुदान, कर्जहमी, व्याजसवलत वा हप्त्यांची मुदतवाढ. या नोंदीत त्याचा विचार रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन या बाजारपेठेच्या गावासंदर्भात केला आहे. सन 2020 मध्ये या परिसरावर कोविडची महासाथ आणि चक्रीवादळ अशी दोन संकटे सुमारे सव्वादोन महिन्यांच्या अंतराने आली. मदतीच्या प्रत्येक प्रकाराची ताकद आणि मर्यादा इथे एकाच हंगामात दिसली.

बोर्लीच्या पेठेची उलाढाल भोवतालच्या वाड्या-गावांवर आणि दिवेआगर, वेळास या किनाऱ्यांवर येणाऱ्या पर्यटकांवर चालते. एप्रिल-मे हा पर्यटकांचा हंगाम, पोफळी-नारळाचे उत्पन्न हा वर्षभराचा आधार. किराणा, हार्डवेअर, खानावळ, रिक्षा, घरगुती राहण्याची सोय हे सारे व्यवसाय या दोहोंवर उभे आहेत, आणि त्यांच्यातील बराचसा व्यवहार उधारीच्या वहीवर चालतो. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हंगाम गेला. 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने पोफळी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरा-दुकानांचे पत्रे आणि कौले उडाली, वीज दीर्घकाळ गेली.

वादळानंतरची मदत महसूल खात्यामार्फत, पंचनामा करून मिळाली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडसाठी तातडीचे 100 कोटी रुपये जाहीर केले. पुढे राज्य सरकारने केंद्रीय निकषांहून अधिक दर ठरवले: पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला 95,100 रुपयांऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000 रुपये. वाढ मोठी होती, तरी कोकणात ती तोकडी ठरली, कारण इथली वाडी हेक्टरमध्ये नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने पाच हजार मिळतात, आणि त्याच दहा गुंठ्यांत पोफळी, नारळ, त्यांवर चढवलेली मिरी, मध्ये जायफळ अशी दाटी असते. पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक होऊ शकते. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी झाली आणि सरकारलाही नारळ-सुपारीसाठी त्या दिशेने जावे लागले. क्षेत्रफळावर बेतलेला निकष मिश्र बागायतीला न्याय देत नाही, हे या वादळाने दाखवलेले सत्य पुढच्या प्रत्येक आपत्तीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाडीचे उत्पन्न बुडाले की बोर्लीच्या दुकानदाराची उधारीही अडकते. पंचनाम्यात मात्र पडलेले झाड आणि उडालेले छप्पर नोंदले जाते. वहीतील येणे कुठेही नोंदले जात नाही.

महासाथीतील मदत मुख्यतः बँकांमार्फत होती. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळातील कर्जहप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. व्याज चालूच राहिले. त्यावरील चक्रवाढ आकारणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील हा बोजा केंद्राने सानुग्रह म्हणून उचलला, आणि 23 मार्च 2021 च्या निकालाने चक्रवाढ व्याजाची माफी सर्व कर्जदारांना लागू झाली. मे 2020 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत तीन लाख कोटी रुपयांच्या कर्जांना सरकार पूर्ण जामीन राहिले. 29 फेब्रुवारी 2020 रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या 20 टक्के जादा रक्कम तारणाविना मिळे. बँकांच्या व्याजाला 9.25 टक्क्यांची मर्यादा आणि मुद्दल फेडण्यास वर्षभराची सूट होती. मार्च 2021 मध्ये हॉटेल व पर्यटन व्यवसायांसाठी हे प्रमाण 40 टक्के झाले. पुढे योजनेची मर्यादा पाच लाख कोटींपर्यंत वाढवून ती मार्च 2023 अखेर बंद झाली.

योजनेचा पाया जुने कर्ज हाच होता. ज्याने बँकेकडून कधी कर्ज घेतलेच नाही, घरच्या पैशावर आणि घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर दुकान चालवले, त्याच्या शून्य बाकीचे 20 टक्के शून्यच. कर्ज टाळण्याचा शहाणपणा इथे अपात्रता ठरला, आणि हा या योजनेतील सर्वांत मोठा दोष होय. फेरीवाल्यांसाठी जून 2020 मध्ये सुरू झालेली 10,000 रुपयांची स्वनिधी कर्जयोजना शहरी हद्दीतील विक्रेत्यांसाठी होती. श्रीवर्धनला नगरपरिषद आहे, बोर्लीला ग्रामपंचायत. एकाच तालुक्यातील दोन भाजीवाल्यांची पात्रता अशी हद्दीवर ठरली. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत राज्याने 5,476 कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यातील 1,500 रुपये परवानाधारक रिक्षाचालकाच्या खात्यात थेट जमा होणार होते. रक्कम लहान होती, पण ते कर्ज नव्हते. अशाच प्रकारे जर्मनीने 2020 मध्ये पाचपर्यंत कामगार असलेल्या व्यवसायांना तीन महिन्यांसाठी 9,000 युरोपर्यंत परत न करायचे अनुदान देऊ केले. उत्पन्नच बंद असताना नव्या कर्जापेक्षा असे अनुदान छोट्या व्यवसायाला अधिक उपयोगी पडते.

जुलै 2021 च्या महापुरानंतर, ज्यात याच जिल्ह्यातील महाड बुडाले, राज्याच्या मदतीत दुकानदारांना कमाल 50,000 आणि टपरीधारकांना कमाल 10,000 रुपये अशी स्वतंत्र तरतूद होती. त्याच महिन्यात किरकोळ व घाऊक व्यापाराला, प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती का होईना, केंद्राची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी) पुन्हा खुली झाली. जानेवारी 2023 पासून जीएसटी क्रमांक नसलेल्या सूक्ष्म व्यवसायांनाही उद्यम असिस्ट मंचावरून नोंदणीपत्र मिळू लागले. बोर्लीसारख्या पेठेतील टपरी किंवा घरगुती खानावळ त्यामुळे प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी सूक्ष्म उद्योग म्हणून गणली जाऊ शकते.