पसरणी घाट, सकाळी ९:४७

हा क्रम कुण्या एका गाडीचा नाही. जुन्या गाड्या घाटात ज्या क्रमाने बसतात, तो इथे पुणे ते पाचगणी अशा एका प्रवासात मांडला आहे. गाडी १९ वर्षांची, पेट्रोलची. महिना मे.

आदला दिवस, संध्याकाळी ६:१०
पार्किंगच्या फरशीवर हिरवट डाग, रुपयाएवढा. बोटाला चिकट लागतो, वास गोडसर. डाग वॉटर पंपाच्या बरोबर खाली आहे. या पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकतं आणि पंप बदलायची वेळ झाल्याचं कळतं. डाग फडक्याने पुसला जातो.

संध्याकाळी ७:००
गॅरेजला फोन. "आत्ताच आणा, दाब देऊन बघतो," मिस्त्री सांगतो. गार रेडिएटरला हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते बघायचं. पंधरा मिनिटांचं काम.
"सोमवारी आणतो."

पहाटे ५:५०
टाकीतलं कूलंट खालच्या रेघेखाली. नळाचं एक लिटर पाणी ओतलं जातं. रेघ गाठली.

७:२०, खेड शिवापूर
पेट्रोल भरणारा मुलगा वाकून बघतो. "साहेब, खाली पाणी पडतंय."
"एसीचं असेल."
एसी अजून लावलेलाच नव्हता.

८:२५, खंबाटकी
दुसरा गिअर, पुढे ट्रक. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर जातो, उतारावर परत येतो. गाडीत कुणी काही बोलत नाही.

९:०५, वाई
मिसळ, चहा. गाडी सावलीत उभी, गावात गॅरेज आहे. बॉनेट उघडलं जात नाही. अख्ख्या प्रवासातली सर्वांत स्वस्त संधी हीच होती.

९:३२, पसरणी घाटाचा पायथा
ऊन चढलंय, एसी लावला जातो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांपुढेही उकळत नाही. गळक्या पंपातून तो दाबच निघून जातोय. पाचगणीच्या सुमारे १३०० मीटर उंचीवर दाबाविना पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं.

९:४०
काटा लाल पट्टीला टेकतो. डाव्या हाताला गाडी लावण्याइतकी जागा आहे. एसी बंद, हीटर पूर्ण, गाडी कडेला, इंजिन बंद: एवढ्याने इंजिनचं हेड वाचण्याची शक्यता अजून होती.
"पाचगणी आलीच."

९:४४
काटा झपकन खाली येतो.
"उतरला की रे!" मागून आई म्हणते.
सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. त्याच्याभोवती आता पाणी उरलेलं नाही.

९:४७
ओढ संपते. बॉनेटच्या कडांतून वाफ. इंजिन बंद पडतं.

९:५२
बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतलं जातं. तापलेल्या धातूला याहून वाईट काही नाही.

दुपारी १:१५, वाई
गाडी टोचन करून गॅरेजात. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ फेस: ऑइलमध्ये पाणी उतरलंय. हेड गॅस्केट जळालेलं. ॲल्युमिनियमचं हेड इतकं वाकलंय की प्लेन करून उपयोग नाही. सिलिंडरला ओरखडे. मिस्त्री हात पुसत सांगतो, पूर्ण इंजिन खोलावं लागेल.