निष्क्रिय प्रतिकारशक्ती, कोंबड्यांमधील

दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे मिळणारे तात्पुरते संरक्षण. मुंबईतल्या परळला हे तत्त्व परके नाही. तिथल्या जुन्या राजभवनात १८९९ साली आलेल्या हाफकिन संस्थेने पुढे घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध बनवले, तेही याच तत्त्वावर. मात्र दंश झालेला माणूस एकटा असतो आणि विष शरीरात वाढत नाही; हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये विषाणू वाढतो आणि पसरतोही. म्हणून कोंबड्यांच्या बाबतीत प्रतिपिंडांकडे औषध म्हणून पाहण्यापेक्षा लसीकरणाच्या वेळेचा हिशेब म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

हा हिशेब अंड्यातच सुरू होतो. लस दिलेल्या पेरेंट कोंबडीचे प्रतिपिंड बलकात उतरतात आणि तिथून पिलाच्या रक्तात जातात. गंबोरो या विषाणूजन्य रोगाविरुद्धचे हे प्रतिपिंड ब्रॉयलर पिलात साधारण तीन-साडेतीन दिवसांनी निम्मे होतात. लेयर पिलू सावकाश वाढते, त्यामुळे तिथे पाच दिवसांहून अधिक लागतात. साडेतीन दिवस धरले, तर अठराव्या दिवसाच्या आसपास मूळ साठ्याचा बत्तिसावा भाग उरतो. गंबोरोचा जोर असतो तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, आणि या रोगात प्रतिकारशक्ती घडवणारी बर्सा ग्रंथी नासल्याने पुढे रानीखेतची, म्हणजे मानमोडीची, लसही नीट लागू पडत नाही. पाण्यातून जिवंत लस लवकर पाजली, तर आईचे प्रतिपिंडच तिला निकामी करतात. उशीर केला, तर विषाणू आधी पोचतो. शिवाय एका गाडीतून आलेली पिले निरनिराळ्या पेरेंट कळपांची असली, तर सर्वांना सोयीचा एक दिवस सापडणेच कठीण.

प्रतिपिंडांकडे औषध म्हणून न पाहण्यावर आक्षेप असा, की साथ लागलेल्या कळपाला बलकातील प्रतिपिंड टोचले की मरतूक खाली येते. ते खरे आहे, आणि पोल्ट्रीवाल्याच्या डोळ्यांदेखत पिले मरत असताना त्याला तत्त्वे ऐकवण्यात अर्थ नाही. पण टोचलेले प्रतिपिंडही ओसरतात, शरीराला रोगाची ओळख करून देत नाहीत, आणि शुद्धीकरण कच्चे राहिले तर अंड्यातून पसरणारे दुसरे रोग सोबत आणतात. प्रतिपिंडांचा अधिक चतुर वापर गंबोरोच्या संयुक्त लसीत दिसतो. हॅचरीतच दिल्या जाणाऱ्या या लसीतला विषाणू प्रतिपिंडांनी वेढलेला असतो. आईकडून आलेले प्रतिपिंड ओसरू लागले की तो काम सुरू करतो, प्रत्येक पिलात त्याच्या त्याच्या दिवशी.