मालवणचं प्रवाळ आणि आपण मिरजकर

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की मिरजेतून गाड्या निघतात. कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली आणि संध्याकाळपर्यंत मालवण. सुरमई थाळी, किल्ला, दुसऱ्या दिवशी स्कुबा आणि लगेच स्टेटसला मास्क लावलेला व्हिडिओ. मीही टाकलाय. त्या व्हिडिओत मी ज्या दगडावर पाय टेकून अंगठा दाखवतोय तो दगड नव्हता, हे मला दोन वर्षांनी कळलं. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

ते प्रवाळ होतं. प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं पोवळं आठवतं, नाहीतर वैद्यांचं प्रवाळ भस्म. अंगठीतलं लाल पोवळं येतं मुख्यतः भूमध्य समुद्रातून, ते वेगळं. मालवणला असतं ते बारीक जिवांची वसाहत. प्रत्येक जीव स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि बराचसा रंगही त्याचाच. पोराइट्स नावाचं गोल गोट्यासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा गोटा दहा-बारा वर्षांचा. त्यावर आपला पाय.

गंमत म्हणजे कोकण किनाऱ्यावर असं जिवंत प्रवाळ असेल, हे बरीच वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी समुद्रात येतं, प्रवाळाला लागतं स्वच्छ खारं पाणी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. कासिम (पुढे अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे प्रमुख) आणि वाफर यांनी १९७९ साली निबंध छापला, की पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जिवंत प्रवाळ आहे. मच्छीमारांना खडक कुठं आहेत ते अर्थातच ठाऊक होतं, त्यांची जाळी तिथंच फाटायची.

मग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे ३ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवतीचा. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या खडकांच्या भरवशावर पाया घातला, तेच हे पाणी. पण अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, ही धास्ती गावात बसली आणि विरोध सुरू झाला. तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. रापण ओढणाऱ्याचं पोट त्या पाण्यावर आहे, त्याला विश्वासात न घेता कागदावर रेघ मारली तर तो गप्प कसा बसेल? नतीजा असा, की अभयारण्य बरीच वर्षं कागदावरच राहिलं. पुढे २००१ साली खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघावर पाय ठेवून फोटो काढायची आपली हिंमत आहे का?

आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत पर्यटन शिरलं. मासळी कमी झालेल्या घरांना त्यातून चार पैसे मिळाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पोहायला न येणारी माणसं दिवसभर एकाच खडकावर उतरवायची, नांगर तिथंच टाकायचा. २०२० साली समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी मालवणच्या डायव्हिंगनं तुटलेल्या, उखडलेल्या प्रवाळांवर निबंध लिहिला.

हे झालं हातापायाचं. उष्णतेचं त्याहून अवघड. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्राचं पाणी एखाद-दुसऱ्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी निवलं तर सावरतं, नाही निवलं तर उपाशी मरतं. २०१४ ते २०१७ या काळात जगभर हे झालं, मालवणलाही प्रवाळं पांढरी पडल्याची नोंद आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, चौथं. मुंबईत किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवली. पण तापलेल्या समुद्रातून उचलून ती नेणार कुठं?

आपली कृष्णा पूर्वेला जाते, त्यामुळं मिरजेची घाण मालवणच्या समुद्रात जात नाही. आपण मात्र दर सुट्टीला जातो. बोट ठरवताना गाईडला एवढंच विचारा, "दादा, नांगर कुठं टाकता? पाय कुठं ठेवायचा?" मागच्या खेपेला मी विचारलं. तो पोरगा आधी हसला, मग म्हणाला, "साहेब, हे विचारणारे तुम्ही पहिलेच." आणि बोट जरा लांब, वाळूवर नेऊन उभी केली.