‘आता काही करण्यासारखं नाही’ या वाक्यानंतर

परळ स्टेशनवरून चालत जाताना हे ऐकत असाल, तर आजची गोष्ट तुमच्या रस्त्यावरचीच आहे.

मी दादरची. टाटा हॉस्पिटलवरून असंख्य वेळा गेलेय. बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं, हातात रिपोर्टच्या पिशव्या, शेजारी मास्क लावलेलं, केस गेलेलं एखादं पोर. खरं सांगायचं तर मी नजर वळवायचे. आज वळवायची नाही.

२८ फेब्रुवारी १९४१. गिरण्यांच्या परळमध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं. त्याआधी १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं गेल्या होत्या. कॅन्सर बरा करायचा, हे या इमारतीचं स्वप्न. पण जे बरे होणार नाहीत, त्यांचं काय? अशा घरांना बऱ्याचदा एकच वाक्य ऐकायला मिळायचं: ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.’

या वाक्याला मुंबईतच उत्तर शोधलं गेलं. १९८६ मध्ये टाटामधलेच सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला ‘शांती अवेदना’ सुरू केलं. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस. मग १९९६ मध्ये टाटामध्येच पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डॉ. मेरी अ‍ॅन मुकाडेन मूळच्या रेडिएशनच्या, म्हणजे किरणांनी गाठ जाळणाऱ्या डॉक्टर. बरं करण्याच्या शास्त्रातून त्या सोबत करण्याच्या शास्त्रात आल्या आणि त्यातही लहान मुलांकडे वळल्या.

लहान मुलांचं वेगळं काय? ऐकून धक्का बसेल, पण १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरांना वाटायचं की तान्ह्या बाळांना वेदना फारशी कळतच नाही. ऑपरेशनलाही भूल अगदी कमी द्यायचे. इंदूरला शिकलेले डॉ. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ मध्ये हा समज खोडून काढला.

आता प्रत्यक्ष काम बघा. चार वर्षांच्या पोराला ‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारून काय कळणार? म्हणून हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांचा तक्ता पुढे करतात. पोर बोट ठेवतं. औषध वजनानुसार, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. मॉर्फिननं पोट साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध सोबत. ‘मी मरणार का?’ असं मुलानं विचारलं तर काय बोलायचं, याची आई-बाबांबरोबर तयारी. आणि घरात कोपऱ्यात गप्प बसलेल्या भावंडाकडेही लक्ष.

पण मॉर्फिन मिळायला तर हवं! गंमत नाही, शोकांतिका आहे: मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं, ती आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात पिकते. तरी १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्यानंतर परवान्यांची इतकी रांग लागली की अनेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. कायदा नशेबाजी रोखायला केला होता, अडकले पेशंट.

फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. त्याच सुमारास बेल्जियममध्ये मुलांच्या इच्छामरणाचा कायदा मंजूर होत होता. इथल्या जाहीरनाम्यानं म्हटलं: आधी प्रत्येक मुलाला वेदनेवरचा उपचार मिळू द्या. आणि त्याच महिन्यात आपल्या संसदेनं नार्कोटिक्स कायदा सुधारला, मॉर्फिनसारख्या औषधांची वाट थोडी सोपी केली. त्याआधी, २०१२ पासून, टाटामध्ये या विषयात एमडी करता येऊ लागलं होतं. म्हणजे आता हे नुसतं दयेचं काम राहिलं नाही, शिकायचा विषय झाला.

एक गैरसमज मात्र आजही आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं घरच्यांना वाटतं. मग ते उशिरा येतात, आणि तेवढे दिवस पोर विनाकारण दुखणं काढतं. खरं तर केमो चालू असतानाही, निदानाच्या दिवसापासून ही सेवा घेता येते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढं तरी सांगा.

शेवटी घरी जायचंच असतं. पण रिकाम्या हातानं जाणं वेगळं. आणि मॉर्फिनची बाटली, ती कधी किती द्यायची याचा कागद, रात्री दोनला लावता येईल असा एक फोन नंबर घेऊन जाणं वेगळं. मला वाटतं, त्या कागदातच डॉक्टरकीचा अर्धा इतिहास आहे.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.