हाताचा धावदोरा की यंत्राची टीप? एका मोठ्या क्विल्टचा दीडशे वर्षांचा वाद

१/ सन १९८९. अमेरिकेतील केंटकी राज्यात पडूका नावाचे लहानसे शहर. तेथे भरलेल्या 'अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी'च्या वार्षिक प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'कोरोना २ : द सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि वादाला तोंड फुटले. कारण एकच : तिच्यावरील शिलाई यंत्राची होती.

२/ या प्रदर्शनात यंत्राने शिवलेल्या क्विल्टला हा मान प्रथमच मिळत होता. अनेक जुन्याजाणत्या शिवणकर्त्यांना हा निर्णय रुचला नाही. यंत्राने शिवलेली ती क्विल्टच नव्हे, असे त्यांचे मत. हा आग्रह नेमका किती जुना, आणि त्यामागे काय दडले आहे, हे या धाग्यात पाहू.

३/ आधी वस्तू समजून घेऊ. क्विल्ट म्हणजे तीन थर : वर दर्शनी कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. यात शिवणकाम दोनदा येते. प्रथम तुकडे जोडून दर्शनी कापड तयार करायचे. नंतर तिन्ही थर एकमेकांना टाचायचे. वाद आहे तो मुख्यतः या दुसऱ्या कामाचा.

४/ हे टाके केवळ शोभेचे नसतात. जुन्या काळी मधला कापूस मोकळा असे. टाके दाट नसले, तर धुतल्यावर त्याचे गोळे होत आणि क्विल्ट निकामी होई. म्हणून शिलाईच्या दोन रेषांत इंच-दोन इंचांहून अधिक अंतर ठेवणे परवडत नसे.

५/ आता हिशेब मांडू. ९० × १०८ इंचांची क्विल्ट घ्या. एकेक इंचावर आडव्या रेषा मारल्या तर १०७ रेषा होतात, म्हणजे ९,६३० इंच किंवा सुमारे २४५ मीटर शिलाई. इंचाला आठ टाके धरले तर सुमारे ७७,००० टाके. उभ्या रेषाही मारून चौकडी केली, तर दीड लाखांच्या वर. एकटीने हे करायचे म्हणजे महिने जातात. म्हणूनच लाकडी चौकटीवर क्विल्ट ताणून शेजारणींनी भोवती बसायचे आणि मिळून शिवायचे, ही प्रथा रुजली.

६/ १० सप्टेंबर १८४६ रोजी इलायस हाउ यांना शिलाई यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा कापडाच्या वर-खाली जातो. त्यामुळे टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून दिसते. यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन दोरे थरांच्या मध्ये एकमेकांत अडकतात. त्यामुळे टीप सलग दिसते. जाणत्या डोळ्याला हा फरक क्षणात कळतो.

७/ यंत्र आले, पण ते स्वस्त नव्हते. १८५०च्या दशकात घरगुती यंत्राची किंमत १०० डॉलरच्या घरात होती. १८५६ मध्ये सिंगर कंपनीने हप्त्यांची सोय काढली. त्याच वर्षी प्रमुख उत्पादकांनी आपली पेटंटे एकत्र केली. ती मक्तेदारी १८७७ पर्यंत टिकली. त्यानंतर किमती झपाट्याने उतरल्या.

८/ आणि येथेच आपल्या समजुतीला पहिला धक्का बसतो. त्या काळच्या स्त्रियांना यंत्राची लाज वाटत नव्हती. कित्येकींनी यंत्राची टीप दर्शनी भागावर, सहज नजरेत भरेल अशी घातली. घरात शिलाई यंत्र असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. ती झाकायची कशाला?

९/ मग मोठ्या क्विल्ट सर्रास यंत्रावर का टाचल्या गेल्या नाहीत? अडचण यंत्राच्या रचनेत आहे. सुई आणि यंत्राचा उभा खांब यांच्यामध्ये वीतभरच जागा. तेवढ्यातून नऊ फुटी क्विल्टची जाडजूड गुंडाळी सरकवायची, खालचे अस्तर चुरगळू द्यायचे नाही आणि रेषाही सरळ ठेवायची! त्यामुळे तुकडे यंत्रावर जोडायचे आणि थर हाताने टाचायचे, अशी विभागणी पुष्कळ घरांत झाली. आमिश समाजात आजही पायाने चालणारे यंत्र तुकड्यांसाठी आणि हात टाचण्यासाठी अशी रीत आढळते.

१०/ हॅरिएट पॉवर्स यांचे उदाहरण बोलके आहे. जन्म १८३७, जॉर्जियात, गुलामगिरीत. बायबलमधील प्रसंग चितारणारी त्यांची क्विल्ट १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस-मेळ्यात मांडली गेली. जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे दिवस फिरले. पॉवर्स यांनी दहा डॉलर सांगितले आणि क्विल्ट पाच डॉलरला गेली. नंतर त्या आपली क्विल्ट पाहायला स्मिथ यांच्याकडे जात असत.

११/ ती क्विल्ट आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्यात हाताचे टाकेही आहेत आणि यंत्राचेही. ज्या कलाकृतीला अमेरिका आपला ठेवा मानते, तिच्या कर्तीला हात आणि यंत्र यांत कोणताच विरोध दिसला नव्हता.

१२/ मग 'हाताची तीच खरी' हा आग्रह आला कोठून? विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांनी गजबजलेल्या अमेरिकेला आपल्या वसाहतकालीन भूतकाळाची ओढ लागली. १९१५ मध्ये मेरी वेब्स्टर यांचे क्विल्टच्या इतिहासावरील पुस्तक आले. चुलीशेजारी बसून हाताने शिवणारी आजी हे त्या काळाचे लाडके चित्र ठरले. त्या आजीच्या शेजारी यंत्रही होते, हे चित्रातून गळाले.

१३/ या चित्राची दुसरी बाजू १९३३ मध्ये दिसते. शिकागोच्या जागतिक मेळ्यानिमित्त सीअर्स कंपनीने क्विल्टची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. सुमारे २४,००० क्विल्ट आल्या. ऐन मंदीत १,००० डॉलरचे पहिले पारितोषिक! ते लेक्सिंग्टनच्या मार्गारेट केडन यांना मिळाले. हातशिलाई अप्रतिम होती. विजेती क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली गेली.

१४/ पण केडन यांनी ती शिवलीच नव्हती. ते काम केंटकीतील स्त्रियांनी तुटपुंज्या मजुरीवर केले होते, आणि पारितोषिकातले त्यांच्या हाती काहीच लागले नाही. मिळणारे काम जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या. सारी हकीकत इतिहासकारांनी उजेडात आणली, ती कित्येक दशकांनंतर. परीक्षकांनी टाके पारखले. ते कोणाचे, हे विचारले नाही.

१५/ असेच पुढेही घडले. १९७०-८०च्या दशकांत आमिश क्विल्टना मोठी मागणी आली. पेनसिल्व्हेनियातील दुकानांत 'आमिश' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक क्विल्टवरचे टाके लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग स्त्रियांचे होते. हात खरे होते, कसब खरे होते. नाव मात्र दुसऱ्याचे होते.

१६/ १९९०च्या दशकाच्या आरंभी स्मिथसोनियनने आपल्या संग्रहातील काही क्विल्टच्या प्रतिकृती चीनमध्ये करून घेण्याचा परवाना दिला. त्यांत पॉवर्स यांची क्विल्टही होती. या प्रतिकृती हातानेच शिवल्या जात, आणि तरीही स्वस्त असत. अमेरिकी शिवणकर्त्यांनी तीव्र निषेध केला. हातशिलाईचा अभिमान बाळगणाऱ्यांपुढे आता अवघड प्रश्न उभा होता : केवळ 'हात' हेच मूल्य असेल, तर चिनी कामकरणीच्या हातात उणे काय?

१७/ आता १९८९ कडे परत येऊ. फॅलर्ट यांनी यंत्र वापरले ते वेळ वाचवण्यापुरते नव्हे. सलग टिपेने कापडावर जणू रेखाटन करता येते. ते धावदोऱ्याला साधत नाही. उलट धावदोऱ्याने कापडावर जी मऊ, मोकळी खळी पडते ती टिपेला साधत नाही. ही दोन वेगळी साधने आहेत, एकाच शिडीच्या दोन पायऱ्या नव्हेत. पुढे त्याच प्रदर्शनात हातकाम आणि यंत्रकाम यांना स्वतंत्र पारितोषिके दिली जाऊ लागली.

१८/ आपल्या गोधडीकडेही या नजरेने पाहता येईल. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरून, जमिनीवर बसून, कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. चौकट नाही, आणि बहुधा मध्ये कापूसही नाही. आज बाजारात यंत्रावर शिवलेल्या गोधड्या मिळतात, आणि 'हातशिलाई' हा शब्द किंमत वाढवतो. ती वाढीव किंमत शिवणाऱ्या बाईपर्यंत पोचते का, हा प्रश्न केडन यांच्या क्विल्टइतकाच जुना आहे.

१९/ म्हणून मोठी क्विल्ट किंवा गोधडी शिवायला घ्याल, तेव्हा हात की यंत्र हे खुशाल आपल्या सवडीने, कापडाच्या जाडीने आणि मनातल्या नक्षीने ठरवा. इतिहास दोहोंच्या बाजूने साक्ष देतो. संग्रहालयात किंवा दुकानात एखादी जुनी क्विल्ट दिसली, तर मात्र टाके मोजून थांबू नका. खालची पाटी वाचा. तिच्यावर शिवणारीचे नाव आहे का, ते पाहा.

धागा समाप्त.