जमीन कोणाची?

तत्त्वज्ञान म्हटले की जड ग्रंथ आणि अवघड शब्द डोळ्यांपुढे येतात. पण तात्त्विक प्रश्न भाताच्या खाचरातही सापडतो. रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा इतिहास चाळताना आपल्याला तो भेटतो : जमीन कोणाची?

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. शेत किती गुंठ्यांचे? मोजणी केली की कळते. सातबारावर मालक कोण? दफ्तर उघडले की कळते. पण त्याचेच नाव तिथे का असावे? याचे उत्तर मोजणीत नाही आणि दफ्तरातही नाही.

अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पुढे कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' मुंबई राज्यातील अनेक कुळे मालक मानली गेली. आदल्या दिवशीचे शेत तेच, राबणारे हात तेच. कायद्याचे उत्तर मात्र बदलले. मग योग्य कोणते? असे विचारताच आपण कायद्याच्या पलीकडे, तत्त्वज्ञानात पोचतो.

'कसेल त्याची जमीन' हे एक उत्तर. सतराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन लॉकनेही मालकीचा उगम श्रमात शोधला होता. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे वेगळे सांगत : हवा-पाण्यासारखी जमीनही सर्वांची. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीपासून त्यांचे भूदान सुरू झाले. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या 'योगेश्वर कृषी'त गावकरी एका शेतात पाळीपाळीने राबतात आणि पीक कोणा एकाचे मानत नाहीत.

यांतले योग्य कोणते, हे प्रयोगाने ठरत नाही. म्हणून सगळी उत्तरे सारखीच, असे मात्र नव्हे. कसेल त्याची जमीन, तर मजुरीवर राबणाऱ्याचे काय? जमीन सर्वांची, तर फुटलेला बांध कोणी घालायचा? भूदानातील बरीच जमीन नापीक निघाली. त्यावरून मार्ग तपासता येतो, पण मूळ प्रश्न उरतोच. आणि तो शब्दांचा खेळ नव्हे. त्याच्यापायी चरीच्या कुळांनी सहा वर्षे पोटाला चिमटा घेतला.

वर्गात एखादा सातबारा पुढे ठेवून विचारून पाहू : यातले काय मोजता येते, काय नोंदीत सापडते आणि कशासाठी कारणेच द्यावी लागतात?